अमळनेरचं कृषी केंद्र आणि रोज रात्री वाजणारा अलार्म

प्रकरण अमळनेरचं आहे. बाजारपेठेतलं एक जुनं कृषी केंद्र. पुढे रस्त्याकडे दुकान, त्याला शटर. मागे पत्र्याचं गोदाम, गोदामाला बोळात उघडणारं लोखंडी दार. दुकानाच्या डोक्यावर मालकाचं घर आणि त्यावर गच्ची. खत, बियाणं, फवारणीची औषधं, ढेप असा सगळा माल. चोरीचा अलार्म आदल्या वर्षी बसवलेला होता. उन्हाळा लागला तसा तो इतका वाजू लागला की मालकांनी तो काढूनच टाकायचं ठरवलं.

मालकांना सगळी पेठ आप्पा म्हणते, म्हणून मीही आप्पाच म्हणतो. काढायच्या आधी एकदा कुणाला तरी दाखवू या, असा आग्रह त्यांच्या मुलानं धरला आणि मला बोलावणं आलं. अलार्म आणि कॅमेरे बसवणं, बिघडलेले नीट करणं हेच माझं काम. हे प्रकरण एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की खोट्या अलार्मची बहुतेक सगळी कारणं इथं एका छपराखाली सापडली, आणि त्यातलं प्रत्येक कारण आपल्या उन्हाळ्याशी, आपल्या धंद्याशी आणि आपल्या घरातल्या वागण्याशी बांधलेलं होतं.

मे महिना

कृषी केंद्राचं वर्ष खरिपावर उभं असतं. एप्रिल सरता सरता गोदाम भरायला लागतं. आधी खतं येतात, मग कापसाचं बियाणं. गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटावं, त्यासाठी लागवड फार लवकर होऊ नये, म्हणून अलीकडच्या वर्षांत शासन बीटी कापसाच्या विक्रीच्या तारखा ठरवून देतं. त्यामुळे मे महिन्यात काही दिवस असे येतात की माल दुकानदाराच्या ताब्यात असतो आणि विकता मात्र येत नाही. बियाण्याचं पाकीट ४७५ ग्रॅमचं. २०२४ च्या हंगामात त्याची कमाल किंमत ८६४ रुपये होती. म्हणजे पन्नास पाकिटं झाली ४३,२०० रुपयांची, आणि वजन पंचवीस किलोच्या आत. एकटा माणूस मोटरसायकलवर घेऊन जाईल. ४५ किलोची युरियाची गोणी पळवण्यात चोराला काही राम नाही. बियाण्याच्या खोक्यात आहे. त्यात मागणी असलेल्या वाणाची टंचाई असली की असा माल खपवायलाही त्रास पडत नाही.

आणि हाच महिना खान्देशातला सर्वांत तापलेला. पारा ४४-४५ च्या घरात, पत्र्याखाली त्याहून जास्त. संध्याकाळी वावटळ उठते, कधी वळीव कोसळतो, वीज जाते. लग्नसराईमुळे घरची माणसं कधी घरी, कधी गावाला. शिवाय अमळनेरला वैशाखात संत सखाराम महाराजांचा रथ आणि पालखी निघते, बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, त्या रात्री अख्खी पेठ घराबाहेर असते. म्हणजे अलार्मची गरज ज्या महिन्यात सर्वांत जास्त, तो खोटा वाजायला लागणारी सगळी कारणंही त्याच महिन्यात जमलेली.

सुरुवातीला सायरन झाला की समोरचे भांडीवाले काका खाली उतरत, टॉर्च मारून शटर बघत, आप्पांना हाक देत. पुढे ते नुसते खिडकीत येऊ लागले. मग तेही थांबलं. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी हातानंच उडवून लावलं, “हाई ते रोजनंच शे.”

आप्पांची तक्रार झोपेची होती. माझ्या मते खरं नुकसान हे होतं. तालुक्याच्या गावात अलार्मला उत्तर द्यायला कुठली कंट्रोल रूम बसलेली नसते. असते ती चार-पाच शेजाऱ्यांची झोप मोडून उठण्याची तयारी, आणि रात्रीची पोलिसांची गस्त. सायरन म्हणजे शेजाऱ्यांना मारलेली हाक. ती फुकट मारत राहिलं की ऐकणारे कान बंद होतात, आणि मग भिंतीवरचं यंत्र कितीही महागडं असो, त्याचा उपयोग शून्य.

आधीची दुरुस्ती

पहिल्या बसवणाऱ्यानं त्याच्या परीनं दुरुस्ती केली होती. तक्रार आली की तो यायचा आणि गोदामातल्या सेन्सरची सेन्सिटिव्हिटी एक घर खाली आणायचा. सगळीकडे हेच चालतं. ग्राहकालाही बरं वाटतं, काहीतरी केलं असं दिसतं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. अलार्म चालू करायला सांगितला आणि बोळाच्या दारातून आत शिरलो. दाराला सेन्सर नव्हताच. भिंतीला हात लावला तर ती अजून शेकत होती. गोण्यांच्या थप्प्यांमधून सावकाश चालत बियाण्याच्या खोक्यांपर्यंत गेलो, एक खोकं उचललं, पुन्हा दारापर्यंत आणलं. अलार्म वाजला नाही. आप्पा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. माझ्या हातात खोकं बघून त्यांचा चेहरा उतरला. उंदराला वाजणारा अलार्म माणसाला वाजत नव्हता.

असं का झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण खान्देश-विदर्भातल्या गोदामांचं निम्मं दुखणं इथं आहे. गोदामात जो सेन्सर लावतात तो पीआयआर. तो स्वतः काहीच फेकत नाही. समोरच्या वस्तूंमधून निघणारी उष्णता तो बघत बसतो. पुढच्या प्लास्टिकच्या भिंगामुळे त्याचं दृश्य पट्ट्यांमध्ये वाटलेलं असतं. माणूस एका पट्टीतून दुसरीत गेला की त्याच्या अंगाचा आणि मागच्या भिंतीचा तापमानातला फरक सेन्सरला जाणवतो, आणि त्या बदलावर तो उडतो. सगळा खेळ फरकाचा. माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३३-३४ अंश. नाशिकला जानेवारीत भिंत पंधरा अंशांवर असते, तिथं माणूस ठळक दिसतो. मे महिन्यात अमळनेरच्या पत्र्याखाली रात्री नऊला भिंतही पस्तीसच्या आसपास. माणूस आणि भिंत सेन्सरच्या लेखी एकच. चांगल्या सेन्सरमध्ये यासाठी तापमान भरपाईची सोय असते, म्हणजे गरमी वाढली की तो आपोआप जास्त संवेदनशील होतो. इथला सेन्सर स्वस्तातला, त्यात ती सोय नव्हती, आणि वर सेन्सिटिव्हिटी तळाला नेऊन ठेवलेली.

मग वाजत कधी होता? पहाटे.

वही आणि पॅनेलची आठवण

अलार्मच्या पॅनेलला, म्हणजे सगळे सेन्सर ज्या डब्याला जोडलेले असतात त्याला, आठवण असते. कोणता झोन, म्हणजे कोणत्या भागातला सेन्सर, किती वाजता उडाला, हे सगळं ते नोंदवून ठेवतं. ती नोंद कुणी उघडून बघितलेली नव्हती. मी उघडली तर घड्याळच चुकलेलं होतं. वीज गेल्यावर बॅटरीनं मान टाकली की पॅनेल बंद पडायचं आणि परत चालू झालं की घड्याळ मागे. म्हणून पहिलं काम केलं ते घड्याळ लावण्याचं आणि बॅटरी बदलण्याचं. सेन्सरला त्या दिवशी हातही लावला नाही. आप्पांना एक शंभर पानी वही दिली आणि सांगितलं की वाजला की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, झोन, त्या वेळी वारा-पाऊस-वीज काय होतं, आणि घरात कोण कुठं होतं. आप्पांना हे पटलं नव्हतं. “तुम्हाला दुरुस्तीला बोलावलं, तुम्ही अभ्यास लावून दिला,” असं म्हणाले. पण हिशेबाला पक्का माणूस, वही लिहिली.

या एका गोष्टीवर माझा ठाम विश्वास आहे. खोट्या अलार्मला नेहमी वेळ असते. वेळ कळली की कारण निम्मं सापडलं. वेळ न बघता सेन्सिटिव्हिटीला हात लावणं म्हणजे ताप का आला ते न बघता थर्मामीटर मोडणं.

वही आणि पॅनेलची नोंद शेजारी ठेवल्यावर चार वेगवेगळे गट समोर आले. गोदामाचा झोन पहाटे तीन ते पाच. शटरचा झोन फक्त वाऱ्याच्या रात्री. जिन्याचा झोन मध्यरात्रीनंतर केव्हाही, पण फक्त उन्हाळ्यात. आणि सकाळी दुकान उघडताना, रात्री बंद करताना होणारे.

गोदाम

पहाटेचं कोडं हमालानं सोडवलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, थप्पी वर गेली की वाजतो, माल उठला की गप्प होतो. सेन्सर सव्वादोन मीटरवर लावलेला. ऑगस्टमध्ये गोदाम रिकामं असताना ते ठीक होतं. मे महिन्यात गोण्यांची थप्पी सेन्सरच्या जवळजवळ पोटाशी येत होती. शिडी लावून वर चढलो तर शेवटच्या थरावर उंदरांच्या लेंड्याच लेंड्या, कुरतडलेली ढेप, आणि भिंतीकडेनं त्यांची जायची-यायची वाट गुळगुळीत झालेली. ती वाट सेन्सरच्या समोरून हातभर अंतरावरून जात होती. हातभर अंतरावरचा उंदीर आणि दहा मीटरवरचा माणूस, दोघंही सेन्सरच्या पट्ट्या सारख्याच झाकतात. पहाटे गोदाम निवतं, फरक वाढतो, सेन्सरची दृष्टी परत येते, आणि नेमकी तेव्हाच ती उंदरावर पडते.

खोक्यावर “पाळीव प्राण्यांना वाजत नाही” असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो दावा प्राणी जमिनीवर आहे असं धरून केलेला असतो. थप्पीवर चढलेल्या मांजराला किंवा घुशीला तो लागू नाही.

सेन्सरचं झाकण उघडलं तर आत कोळ्याचं जाळं आणि मुंग्यांची रांग. वायर आत घेण्यासाठी मागे जे भोक पाडतात, ते उघडंच होतं. त्यातून किडे शिरतात आणि पत्र्याची गरम झुळूक थेट आतल्या डोळ्यावर येते. दहा रुपयांच्या सिलिकॉननं बुजवायचं भोक. मी जिथं जिथं जातो तिथं हे भोक उघडंच सापडतं, आणि दर वेळी वाईट वाटतं.

गोदामात शेवटी असं केलं. जुना पीआयआर काढला. त्या जागी पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असलेला, तापमान भरपाईचा सेन्सर लावला. त्यातल्या दोघांनाही हालचाल दिसली तरच तो उडतो. मायक्रोवेव्हला गरमीशी देणंघेणं नसतं, तो हलणारी वस्तू बघतो. सेन्सरची जागा बदलून तो थप्प्यांच्या मधल्या वाटेला तोंड करून बसवला, कारण चोर आला तर गोण्यांवरून रांगत येणार नाही, वाटेनंच येणार. भिंतीवर लाल पट्टा मारला आणि हमालांना सांगितलं, थप्पी याच्या वर न्यायची नाही. सेन्सर आणि पट्टा यांत मीटरभर अंतर सोडलं. बोळाच्या लोखंडी दाराला जाड चुंबकी सेन्सर लावला.

राहिले उंदीर. दरवाजाखालची फट पत्रा ठोकून बुजवली, गटाराच्या तोंडाला जाळी, आत पिंजरे. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. कृषी केंद्रात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हाताशी असतात आणि उंदीर म्हटलं की पहिला हात तिकडे जातो. हवेतल्या ओलाव्यानं त्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो, तो जीवघेणा आहे. त्या गोळ्या प्रशिक्षित माणसानं, बंदिस्त आणि निर्मनुष्य जागी वापरायच्या असतात. ज्या गोदामाच्या भिंतीला लागून घर आहे आणि घरात माणसं झोपतात, तिथं त्या ठेवायच्या नाहीत. एक रात्रही नाही. आप्पांना मी हे त्यांच्या सुनेसमोर आणि नातवांसमोर सांगितलं, मुद्दाम.

शटर

वाऱ्याच्या रात्रीचं कारण सरळ होतं. शटरवर घराच्या दाराला लावतात तो छोटा चुंबकी सेन्सर दुहेरी टेपनं चिकटवलेला. उन्हानं टेप सैल झालेली, आणि शटर जुनं असल्यामुळे बाजूच्या पट्ट्यांमध्ये चांगलंच खेळत होतं. वारा भरला की शटर फुगायचं, चुंबक लांब जायचा, सायरन. इथं यंत्रात काहीच करायचं नव्हतं. आधी शटरवाल्याला बोलावून पट्ट्या बदलल्या, मधल्या पट्टीला खालून एक जादा कुलूप बसवलं. त्यानंतर शटरसाठीच मिळतो तो मोठा, जमिनीला बोल्टनं आवळायचा सेन्सर लावला, ज्यात अंतराची मुभा जास्त असते आणि वायरीला लोखंडी कवच असतं. शटर हलायचं थांबलं, सेन्सरही थांबला. चोरालाही आता ते उचकटायला जड जाईल, हा वरचा फायदा.

माठ

मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवलं ते जिन्यानं.

दुकानातून घरात जाणारा जिना, त्याच्या मधल्या टप्प्यावर एक सेन्सर. रात्री दुकान आणि जिना दोन्ही चालू करून घरचे वर झोपत. नोंदीत तो मध्यरात्रीनंतर वाजलेला दिसत होता, रात्री एक वाजून दहा, दोन पन्नास, अशा वेळा. आप्पांना वाटायचं कुणीतरी जिन्यापर्यंत येऊन परत जातं. दोन रात्री ते काठी घेऊन जागले होते. वहीतल्या चौथ्या रकान्यानं उलगडा झाला. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं. पाण्याचा माठ जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, कारण घरातली ती एकच जागा जिथं सावली आणि वारा दोन्ही मिळतात आणि पाणी गार राहतं. आप्पांची आई, वय ऐंशीच्या पुढे, रात्री एकदा तरी पाण्याला उठते. सायरन झाला की त्या घाबरून जागच्या जागी उभ्या राहत, सगळे धावत खाली येईपर्यंत त्या परत वर निघालेल्या असत, आणि गोंधळात त्यांना कुणी काही विचारत नसे. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पानी पेवाले ते उठनंच पडस ना.”

सून म्हणाली सेन्सर काढा. मुलगा म्हणाला आजीला पाण्याची बाटली उशाशी देऊ. मला दोन्ही पटलं नाही. ऐंशी वर्षांच्या बाईनं माठातलं गार पाणी सोडून रात्रभर गच्चीवर तापलेल्या बाटलीतलं प्यावं, हे काही बरोबर नाही. आणि सेन्सर काढला तर दुकानातून घरात येणारी वाट उघडी पडते. आम्ही माठ हलवला. गच्चीच्या दाराशी जिन्याचं डोकं आहे, तिथं वारा येतो. वर एक चवाळं बांधून सावली केली आणि माठ तिथं ठेवला. सेन्सर टप्प्यावरून खाली, दुकानाच्या दाराच्या वर आणला. घरचं कुणी रात्री कितीही वेळा उठलं तरी त्याच्या नजरेत येत नाही.

अलार्म बसवताना घराचा नकाशा बघतात, घरातली माणसं रात्री कशी वावरतात ते विचारत नाहीत. उन्हाळ्यात कुठं झोपता, पाणी कुठं, संडास कुठं, देवघरात पहाटे कोण उठतं, हे प्रश्न बसवण्याआधीचे आहेत.

उघडणं आणि बंद करणं

बाकीचा गट माणसांच्या घाईचा. हे जगभर असंच आहे, खोट्या अलार्ममधला मोठा वाटा वापरणाऱ्यांच्या चुकांचा असतो. रात्री बंद करताना बाहेर पडायला फक्त वीस सेकंद दिलेली. मुनीम बटण दाबून बाहेर येणार, जड शटर ओढणार, दोन बाजूंची कुलपं लावणार. वीस सेकंदांत हे होत नाही. अमेरिकेत खोटे अलार्म कमी व्हावेत म्हणून पॅनेलसाठी एक मानक केलेलं आहे, त्यात बाहेर पडायला किमान पंचेचाळीस आणि आत आल्यावर बंद करायला किमान तीस सेकंद धरलेली आहेत. आम्ही बाहेर पडायला नव्वद ठेवली. मुनीम, मुलगा आणि आप्पा, तिघांना वेगळे कोड दिले. आधी एकच कोड होता आणि तो कॅलेंडरवर लिहिलेला होता. रिमोटवरचं धोक्याचं बटण खिशात दाबलं जायचं, ते बंद केलं.

बॅटरीबद्दल एवढंच, की १२ व्होल्टची जी छोटी सीलबंद बॅटरी पॅनेलमध्ये असते, तिचं आयुष्य गरमीत फार झपाट्यानं कमी होतं. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं असं धरतात. पॅनेल पत्र्याखालून काढून दुकानाच्या आतल्या भिंतीवर आणलं, आणि बॅटरी दोन वर्षांनी, ती मेली असो वा नसो, बदलायचं ठरलं.

बाहेरचा सायरन कधी वाजावा

इतकं करून खोटे अलार्म कमी होतात, संपत नाहीत. म्हणून खरा प्रश्न असा की एखादा चुकीचा वाजलाच तर तो गल्लीपर्यंत पोचू द्यायचा का.

याचा विचार इतरत्र फार आधीपासून झालेला आहे. अमेरिकेच्या न्याय खात्यानं पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे की चोरीच्या अलार्मवरून पोलिसांना जे बोलावणं येतं, त्यातलं ९४ ते ९८ टक्के खोटं निघतं. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० च्या डिसेंबरपासून नियमच बदलला. अलार्म वाजला एवढ्यावर गाडी पाठवायची नाही. आधी कुणीतरी जागेवर जाऊन किंवा कॅमेऱ्यात बघून खात्री करायची, मग पोलिस. तिथली अलार्मची बोलावणी जवळपास नव्वद टक्क्यांनी घटली. ब्रिटनमध्येही एका सेन्सरवर विसंबायचं नाही, दुसऱ्या स्वतंत्र सेन्सरनं दुजोरा दिला पाहिजे, अशी पद्धत आहे.

अमळनेरला अशी खात्री करायला माणूस पाठवणारी खासगी कंपनी नाही, पण दुजोऱ्याची कल्पना जशीच्या तशी चालते. पॅनेलमध्ये मांडणी अशी केली. गोदामाचा किंवा जिन्याचा एकच सेन्सर उडाला तर बाहेरचा सायरन गप्प. घरात गच्चीच्या दाराशी छोटा बझर वाजतो आणि आप्पांच्या व मुलाच्या फोनवर कॉल जातो. त्यांनी मोबाइलवर गोदामाचा कॅमेरा बघायचा. पाच मिनिटांच्या आत दुसरा सेन्सर उडाला तर मग बाहेरचा सायरन, आणि तोही चार मिनिटांनी आपोआप थांबणार. पूर्वी तो कुणी बंद करेपर्यंत चालायचा.

बोळाचं दार आणि शटर मात्र यातून वगळलं, आणि यावर आप्पांशी माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, सगळ्याला दुजोरा लावा, एकदाचा त्रास जाऊ द्या. मी ऐकलं नाही. आतून कडी घातलेलं लोखंडी दार मध्यरात्री आपोआप उघडत नाही. ते उघडलं तर दुसऱ्या सेन्सरची वाट बघण्यात काही अर्थ नाही. त्याच क्षणी गल्ली जागी व्हायला हवी. वाद मिटला तो आप्पांनी स्वतः ते दार रात्री हलवून, ओढून, लाथ मारून बघितलं आणि सेन्सर उडाला नाही तेव्हा.

कॉलची यादीही बदलली. आधी पहिला नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाचा होता, कारण बसवताना मोबाइल त्याच्याच हातात होता. पॅनेलमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला. आता क्रम अंतराप्रमाणे: आप्पा, मोठा मुलगा, भांडीवाले काका, मुनीम. कॅमेऱ्यात माणूस दिसला तर ११२ ला फोन, आणि स्वतः एकट्यानं खाली उतरायचं नाही. फोनवर “अलार्म वाजतोय” असं न सांगता “गोदामात माणूस दिसतोय, मागच्या बोळाचं दार उघडं आहे” असं सांगायचं. या दोन वाक्यांना मिळणारा प्रतिसाद सारखा नसतो.

हे सगळं झाल्यावर आप्पा स्वतः गल्लीत प्रत्येकाकडे गेले. यंत्र नीट झालं म्हणून शेजारी परत उठायला लागत नाहीत; त्यांना जाऊन सांगावं लागतं. बाहेरचा सायरन आता वाजला तर खरोखर काहीतरी आहे असं समजा, आणि चुकून वाजला तर दुसऱ्या दिवशी कारण मी येऊन सांगेन, असा शब्द त्यांनी दिला. तो शब्द ते पाळतात. रथाच्या रात्री बाहेरचा सायरन झाला, मुनीम औषधाचं बिल आणायला दुकान उघडून आत गेला होता आणि कोड विसरला होता. भांडीवाले काका आणि आणखी दोघं जण खाली आले. सकाळी आप्पांनी तिघांकडे जाऊन झालेलं सांगितलं आणि मुनिमाकडून कोड दहा वेळा घोकून घेतला.

अजून काय राहिलं आहे

नव्या मांडणीनंतरच्या मे महिन्यात अलार्म मोजकाच वाजला, त्यातले बहुतेक घरातल्या बझरपुरते. एक सोडून प्रत्येकाचं कारण वहीत लिहिलेलं आहे.

तो एक मायक्रोवेव्हचा असावा असा माझा कयास आहे. दुहेरी सेन्सरला सगळ्या रोगांवरचं औषध समजतात, तसं ते नाही. मायक्रोवेव्ह पातळ भिंतीतून, लाकडातून, काचेतून आरपार बघतो आणि थरथरणारा पत्रा त्याला हलणाऱ्या वस्तूसारखाच दिसतो. त्या रात्री वळीव होता. गोदामाच्या पश्चिमेकडच्या दोन पत्र्यांचे जे-हुक सैल आहेत, वाऱ्यात ते पत्रे धडधडतात. त्याच वेळी पीआयआरसमोरून काहीतरी गेलं असेल तर दोन्ही अटी पुऱ्या झाल्या.

तूर्त मायक्रोवेव्हचा पल्ला निम्म्यावर आणला आहे. त्यामुळे पश्चिमेचा कोपरा सेन्सरच्या नजरेबाहेर राहतो, आणि हे आप्पांना मी लिहून दिलं आहे. त्या कोपऱ्यात तोवर फक्त युरिया आणि ढेप ठेवायची, बियाण्याचं एकही खोकं ठेवायचं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये माल यायच्या आधी हुक आवळून पत्रे बसवून घ्यायचे, मग पल्ला पुन्हा वाढवून रात्री नऊला, भिंत तापलेली असताना, बोळाच्या दारापासून बियाण्यापर्यंत चालून बघायचं.